डॉ. कमला सोहोनी: दूध आणि डाळीतल्या प्रथिनांचा शोध घेणारे आयुष्य

दुधात लिंबू पिळले की ते फाटते. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले वाल पोटाला बाधतात, पण भिजवून, मोड आणून, सोलून शिजवलेली डाळिंबीची उसळ पचते. मधुमेहाच्या रुग्णाचे एचबीए१सी प्रयोगशाळेत मोजले जाते. या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असे सहसा कोणाला वाटत नाही. पण तिन्हींच्या मुळाशी रसायनशास्त्रातली एकच गोष्ट आहे: एकाच रेणूवर धन आणि ऋण असे दोन्ही विद्युतभार असणे. आपल्या शरीरातली आणि अन्नातली प्रथिने अशाच घटकांची बनलेली असतात.

कोथरूडच्या दवाखान्यात प्रथिनांबद्दलचे प्रश्न रोज येतात. डाळ पुरेशी आहे का, दूध पचत नाही तर काय करू, पावडर घेऊ का, किडनीचा त्रास आहे तर वरण बंद करू का? या प्रश्नांची उत्तरे नीट कळण्यासाठी एका मराठी शास्त्रज्ञ बाईंचे आयुष्य फार उपयोगी पडते. त्यांचे नाव डॉ. कमला सोहोनी. दूध, कडधान्ये आणि नीरा या आपल्या रोजच्या ओळखीच्या पदार्थांवर त्यांनी अनेक वर्षे काम केले. या लेखात त्यांची जीवनकथा आणि त्यांच्या कामाचा आपल्या ताटाशी असलेला संबंध, दोन्ही पाहू.

आधी थोडे रसायनशास्त्र: एका रेणूवर दोन भार म्हणजे काय?

प्रथिने ही अमिनो आम्लांची माळ असते. मुख्य अमिनो आम्ले २० प्रकारची आहेत. प्रत्येक अमिनो आम्लाच्या एका टोकाला अमिनो गट असतो आणि दुसऱ्या टोकाला आम्ल गट. पाण्यात विरघळल्यावर आम्ल गट आपला एक हायड्रोजन आयन सोडतो आणि ऋणभारित होतो. अमिनो गट असा आयन घेतो आणि धनभारित होतो. म्हणजे एकाच छोट्या रेणूच्या एका टोकावर अधिक आणि दुसऱ्या टोकावर उणे. अशा रेणूला शास्त्रात झ्विटरआयन म्हणतात. आपण त्याला सोप्या मराठीत उभयभारी रेणू म्हणू.

अधिक आणि उणे समान असले की बेरीज शून्य येते. पण बेरीज शून्य आहे म्हणून भार नाहीत असे नव्हे. बँकेत दहा हजार जमा झाले आणि दहा हजार गेले तर शिल्लक बदलत नाही, पण व्यवहार मात्र झालेले असतात. तसेच हे.

अमिनो आम्लांची माळ गुंफली की मधल्या टोकांचे भार जोडणीत संपतात. तरीही काही अमिनो आम्लांच्या बाजूच्या साखळीवर स्वतःचा भार असतो. लायसिन आणि आर्जिनिन यांच्यावर धन, तर ग्लुटामिक आणि ॲस्पार्टिक आम्लांवर ऋण. त्यामुळे संपूर्ण प्रथिनाच्या अंगावर जागोजागी अधिक आणि उणे ठिपके असतात. आजूबाजूला आम्ल वाढले की उणे ठिपके कमी होतात, अल्कता वाढली की अधिक ठिपके कमी होतात. प्रत्येक प्रथिनासाठी एक ठरावीक पीएच असतो, जिथे अधिक आणि उणे अगदी समसमान होतात. हा समतोल बिंदू लक्षात ठेवा. पुढे दुधाच्या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

भागवतांच्या घरातील कमला

कमलाबाईंचा जन्म १९११ मध्ये इंदूरला झाला. माहेरचे आडनाव भागवत. मराठी वाचकांना परिचित असलेल्या लेखिका आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. एकाच घरातून एक बहीण साहित्यात गेली आणि दुसरी रसायनशास्त्रात.

रसायनशास्त्र त्यांच्यासाठी घरचाच विषय होता. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटचे, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेचे, ते अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी होते. त्यामुळे शिक्षण झाल्यावर त्याच संस्थेत संशोधन करायचे ही इच्छा कमलाबाईंच्या मनात असणे साहजिक होते. १९३३ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी केले. गुण उत्तम होते. त्यांनी बंगळुरूला अर्ज पाठवला.

बंगळुरूचे बंद दार

त्या वेळी संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला. गुण कमी होते म्हणून नव्हे, तर अर्जदार मुलगी होती म्हणून.

कमलाबाईंनी हा नकार मुकाट्याने स्वीकारला नाही. तो काळ गांधीजींच्या चळवळीचा होता. त्या बंगळुरूला गेल्या, कारण विचारले आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रहाची भूमिका घेतली. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्ष परीक्षेवर काढायचे, कामाचा दर्जा पटेपर्यंत त्या कामाला अधिकृत मान्यता नाही आणि पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये. पुरुष विद्यार्थ्याला अशा अटी कोणी घातल्या नसत्या. हे अपमानास्पद आहे याची कमलाबाईंना पूर्ण जाणीव होती आणि पुढे आयुष्यभर त्यांनी ते लपवले नाही. तरीही त्यांनी अटी मान्य केल्या, कारण त्यांना प्रयोगशाळेत शिरायचे होते.

तिथे त्यांना एम. श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक लाभले. ते शिस्तीचे होते आणि शिकवण्यात हात राखून ठेवणारे नव्हते. वर्ष संपल्यावर रामन यांचे समाधान झाले आणि पुढे संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. १९३६ मध्ये कमलाबाईंनी एमएस्सी विशेष प्रावीण्यासह पूर्ण केले. ज्या वर्षात त्यांना परीक्षेवर ठेवले होते, त्या वर्षाने परीक्षा घेणाऱ्यांचेही मत बदलले.

त्यांनी संशोधनासाठी काय निवडले हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिने. ज्या देशात बहुतेक लोक शाकाहारी जेवणावर किंवा अगदी मोजक्या मांसाहारावर जगतात, तिथे प्रथिनांचा मुख्य आधार हाच. कुपोषणाचा प्रश्न सोडवायचा तर आधी या पदार्थांत नेमके काय आहे हे कळायला हवे होते.

दूध फाटते तेव्हा काय होते?

गाईच्या दुधातील सुमारे ८० टक्के प्रथिन केसिन या प्रकारचे असते. ताज्या दुधाचा पीएच सुमारे ६.६ ते ६.७. या पीएचला केसिनच्या कणांवर एकूण ऋणभार जास्त असतो. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून हे कण दुधात सुटे तरंगत राहतात. दूध पांढरे आणि एकसंध दिसते ते यामुळेच.

आता त्यात लिंबू पिळा किंवा विरजण लावा. विरजणातले जीवाणू दुधातल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनवतात. आम्ल वाढते तसे ऋणभार कमी होत जातात. पीएच ४.६ च्या आसपास आला की केसिनवरील अधिक आणि उणे समसमान होतात. हाच त्याचा समतोल बिंदू. एकमेकांना दूर ढकलणारा भार उरला नाही की कण एकमेकांना चिकटतात. आम्ल सावकाश वाढले तर दह्याची कवडी लागते, उकळत्या दुधात एकदम घातले तर पनीर आणि पाणी वेगळे होते. त्या पाण्यात राहते ती दुसऱ्या प्रकारची, विरघळलेली प्रथिने. म्हणून पनीर करताना उरलेले पाणी फेकू नका, कणीक भिजवायला वापरा.

हीच क्रिया पोटातही घडते. जठरातले आम्ल दह्यापेक्षा कितीतरी तीव्र असते, त्यामुळे प्यायलेले दूध पोटात फाटतेच. तान्ह्या बाळाने दूध पिऊन थोड्या वेळाने दह्यासारखी गुठळी बाहेर काढली की आजी आणि आई दोघी घाबरतात. बाळ खेळते आहे, वजन वाढते आहे, थोडेसेच दूध बाहेर येते आहे, तर हे केसिनचे नैसर्गिक साकळणे आहे. दूध बिघडले असा त्याचा अर्थ नाही. मात्र उलटी हिरवी असेल, त्यात रक्त असेल, प्रत्येक दुधानंतर जोराने कारंज्यासारखी उलटी होत असेल किंवा वजन वाढत नसेल तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जा. हिरवी उलटी ही तातडीची बाब आहे.

केंब्रिज: बटाट्यातले लाल प्रथिन

१९३७ मध्ये कमलाबाई इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथील जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल त्यांनी १९०१ मध्ये वेगळे करून दाखवले होते आणि जीवनसत्त्वांवरील कामासाठी त्यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते. त्या विभागात स्त्री संशोधकांना काम करण्याची संधी मिळत असे. बंगळुरूच्या अनुभवानंतर हा फरक कमलाबाईंना नक्कीच जाणवला असेल.

त्यांनी आधी डॉ. डेरेक रिक्टर यांच्याकडे आणि नंतर डॉ. रॉबिन हिल यांच्याकडे काम केले. हिल वनस्पतींच्या पेशींवर संशोधन करत. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना दिसले की वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे प्रथिन असते. ऊर्जा तयार करताना इलेक्ट्रॉन एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर पोहोचवण्याचे काम हे प्रथिन करते. जी यंत्रणा आपल्या स्नायूंत आणि हृदयात चालते, तिचाच एक महत्त्वाचा भाग जमिनीखालच्या बटाट्यातही चालतो.

आज आपल्याला माहीत आहे की माणसाचे सायटोक्रोम सी अवघ्या १०४ अमिनो आम्लांचे आहे आणि त्यात लायसिन भरपूर असल्याने त्यावर धनभार जास्त असतो. त्याच्या पुढच्या टप्प्यावरील प्रथिनावर ऋण ठिपके असतात. अधिक आणि उणे एकमेकांना ओढतात, दोन्ही प्रथिने क्षणभर योग्य जागी टेकतात, इलेक्ट्रॉन पुढे जातो आणि ती पुन्हा सुटतात. आपण घेत असलेला प्रत्येक श्वास शेवटी या ओढीसाठी कामी येतो.

या विषयावर कमलाबाईंनी प्रबंध लिहिला. तो अवघा चाळीस पानांचा होता आणि सुमारे चौदा महिन्यांत पूर्ण झाला होता. १९३९ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते.

दिल्ली, कुन्नूर आणि मुंबई

परदेशात राहण्याऐवजी त्या १९३९ मध्येच भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजमध्ये नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. त्यानंतर दक्षिणेत कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले.

१९४७ मध्ये त्यांचा विवाह विमागणितज्ज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशी झाला आणि त्या मुंबईला आल्या. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांची एक फळी तयार केली. पुढे त्या याच संस्थेच्या संचालक झाल्या. हे पद त्यांच्याकडे यायला हवे होते त्यापेक्षा उशिरा आले आणि त्यामागे स्त्री असणे हे एक कारण होते. बंगळुरूचे दार उघडले होते, पण पुढची दारे आपोआप उघडली नाहीत.

मुंबईत सरकारच्या आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाचा दर्जा सुधारण्यासाठी सल्ला दिला. लाखो घरांत रोज पोहोचणारे दूध वाटेत नासू नये, यासाठी तापमान आणि स्वच्छता सांभाळावी लागते. जीवाणू वाढले की आम्ल वाढते आणि आम्ल वाढले की केसिनचा भार जातो.

वाल, डबल बी आणि ट्रिप्सिन

कमलाबाईंच्या मुंबईतील कामाचा आपल्या स्वयंपाकघराशी सर्वांत जवळचा संबंध असलेला भाग म्हणजे कडधान्यांतील ट्रिप्सिन रोधक.

आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचे पाचक द्रव्य लहान आतड्यात येते. प्रथिनांची लांब माळ कापणे हे त्याचे काम. ते कुठेही कापत नाही. जिथे लायसिन किंवा आर्जिनिन असेल, म्हणजे जिथे धनभार असेल, तिथेच ते कापते. कारण ट्रिप्सिनच्या आत एक खोबण असते आणि तिच्या तळाशी ऋणभार असतो. कुलूप आणि किल्ली जशी बसते तसा लायसिनचा धनभार त्या खोबणीत बसतो आणि माळ तुटते.

कच्च्या कडधान्यांत अशी काही प्रथिने असतात जी याच युक्तीचा उलटा उपयोग करतात. त्यांच्या अंगावर लायसिन किंवा आर्जिनिन पुढे आलेले असते. ट्रिप्सिन आमिषाला भुलून तिथे घट्ट बसते आणि अडकून पडते. मग जेवणातले बाकीचे प्रथिन नीट पचत नाही. बियांसाठी हे कीटकांपासून संरक्षण असते, पण खाणाऱ्याच्या पोटाला ते अडचणीचे.

कमलाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय अन्नपदार्थांतील अशा रोधकांचा पद्धतशीर अभ्यास केला. १९५५ मध्ये नेचर या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध आला. त्यात वाल आणि डबल बी यांच्यातील ट्रिप्सिन रोधक स्फटिकरूपात वेगळे केल्याची नोंद होती. कोकणातल्या आणि मुंबईतल्या घरांत शिजणारा वाल जगाच्या विज्ञानात अशा रीतीने पोहोचला.

आपल्याकडे वाल भिजवतात, मोड आणतात, साल काढतात आणि मग शिजवतात. हा सगळा खटाटोप नुसत्या चवीसाठी नाही. भिजवल्याने पोटात गॅस करणाऱ्या काही साखरी पाण्यात उतरतात. मोड येताना बी स्वतःच आपले साठवलेले प्रथिन वापरायला लागते आणि रोधक कमी होऊ लागतात. उष्णतेने रोधकाची घडी मोडते आणि ते बहुतांशी निकामी होतात. म्हणूनच कडधान्य कच्चे किंवा अर्धवट शिजलेले खाऊ नये. राजम्याच्या बाबतीत तर ही काळजी विशेष घ्यावी. त्यात आणखी एक अपायकारक प्रथिन असते आणि ते मंद आचेवर नष्ट होत नाही. राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या आणि ताज्या पाण्यात कुकरमध्ये पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा.

नीरा आणि गरीब घरातली मुले

राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. नीरा म्हणजे ताड, माड किंवा शिंदीच्या झाडातून पहाटे काढलेला, न आंबलेला गोड रस. पुण्यातही नीरा विक्री केंद्रांवर सकाळी गर्दी दिसते. नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे त्यांनी दाखवले. त्यापासून केलेल्या ताडगुळातही हे घटक बऱ्याच अंशी टिकतात असे त्यांना दिसले. आदिवासी भागातील कुपोषित मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात स्वस्त पूरक म्हणून या पदार्थांचा उपयोग होऊ शकतो, हे त्यांच्या संशोधनातून पुढे आले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

इथे एक डॉक्टर म्हणून सावधगिरीची सूचना. त्या काळचा प्रश्न उपासमारीचा होता. आज शहरात मधुमेह घरोघरी आहे. नीरेत आणि ताडगुळात साखर भरपूर असते. मधुमेह असेल तर त्यांना औषध समजून रोज घेऊ नका.

निवृत्तीनंतरही काम

१९६६ मध्ये मुंबईत काही स्त्रियांनी एकत्र येऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहक संस्था सुरू केली. कमलाबाई तिच्या सक्रिय कार्यकर्त्या होत्या आणि १९८२-८३ मध्ये अध्यक्षही. अन्नातील भेसळ, वजनमाप आणि ग्राहकांची सुरक्षितता यांवर त्यांनी संस्थेच्या नियतकालिकात लिहिले. प्रयोगशाळेत जे शिकलो ते बाजारात जाणाऱ्या बाईच्या हाती दिले पाहिजे, हा त्यामागचा विचार दिसतो.

देशाला त्यांची नीट ओळख बरीच उशिरा झाली. उतारवयात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार केला. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

तुमच्या तपासणीच्या कागदावर हेच भार

प्रथिनांवरील भारांचा उपयोग आज आपल्या रोजच्या तपासण्यांत होतो.

* एचबीए१सी: रक्तातली साखर हिमोग्लोबिनच्या एका टोकाच्या अमिनो गटाला चिकटते आणि तिथला धनभार कमी होतो. अनेक प्रयोगशाळांतील यंत्रे याच फरकावरून साखर चिकटलेले हिमोग्लोबिन वेगळे मोजतात. म्हणून रक्तात हिमोग्लोबिनचा वेगळा प्रकार असेल तर हा आकडा कधी कधी चुकीचा येऊ शकतो.
* सिकल सेल: महाराष्ट्रात विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत हा आनुवंशिक आजार आढळतो. हिमोग्लोबिनच्या माळेतील ऋणभार असलेल्या ग्लुटामिक आम्लाच्या जागी भार नसलेले व्हॅलिन येते. एवढ्या बदलाने आजार होतो आणि त्याच बदलामुळे विद्युतप्रवाहात हे हिमोग्लोबिन वेगळ्या वेगाने सरकते. इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीत ते असे ओळखता येते.
* लघवीतील अल्ब्युमिन: रक्तातील अल्ब्युमिनवर ऋणभार असतो. किडनीची चाळणी त्याला आकारामुळे आणि काही अंशी भारामुळे अडवते. मधुमेहाने किंवा रक्तदाबाने चाळणी खराब झाली की अल्ब्युमिन लघवीत येऊ लागते. लघवीला सतत फेस येत असेल तर ही तपासणी करून घ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रोज किती प्रथिने हवीत?
निरोगी प्रौढ भारतीयासाठी शिफारस दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम आहे. ६० किलोच्या व्यक्तीला साधारण ५० ग्रॅम. कच्च्या डाळी-कडधान्यांत १०० ग्रॅमला २० ते २५ ग्रॅम प्रथिन असते, एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, २०० मिली दुधात ६ ते ७ ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीत डाळ किती आणि पाणी किती, हे एकदा मोजून पाहा.

वरण-भात पुरेसा आहे का?
जोडी चांगली आहे. धान्यात लायसिन कमी असते, डाळीत ते भरपूर असते. डाळीत मिथिओनिन कमी, ते धान्यातून मिळते. म्हणून वरण-भात, पोळी-उसळ, भाकरी-पिठलं ही जोडणी योग्य. फक्त भात जास्त आणि वरण नावाला, असे नको.

दूध आणि आंबट फळ एकत्र घेतले तर विष होते का?
दूध फाटते, विष होत नाही. पोटातले आम्लही तेच करते. त्रास होत असेल तर टाळा, पण एकदा खाल्ले म्हणून घाबरू नका.

किडनीचा आजार आहे, प्रथिने बंद करू का?
स्वतःहून बंद करू नका. डायलिसिसपूर्वी काही रुग्णांना प्रथिने मर्यादित ठेवायला सांगतात. डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र गरज वाढते. अनेक घरांत जुने पथ्य तसेच चालू राहते आणि रुग्ण अशक्त होत जातो. प्रत्येक टप्प्यावर किडनीतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञांना विचारा.

प्रोटीन पावडर घ्यावी का?
बहुतेकांना जेवणातून भागते. आजारपणानंतर, म्हातारपणी भूक कमी झाल्यावर किंवा जखम भरत असताना डॉक्टर सुचवू शकतात. किडनीचा आजार असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

विनाकारण वजन कमी होणे, पायांवर किंवा चेहऱ्यावर सूज, लघवीला सतत फेस, जखम न भरणे, मुलाची वाढ खुंटणे, दूध किंवा विशिष्ट कडधान्य खाल्ल्यावर पुरळ किंवा ओठांना सूज येणे. यांपैकी काही असेल तर थांबू नका. धाप लागली किंवा घसा आवळल्यासारखा वाटला तर थेट रुग्णालयात जा.

थोडक्यात

प्रथिनांच्या अंगावरील अधिक आणि उणे भारांवर दही लागणे, अन्न पचणे आणि अनेक तपासण्या अवलंबून असतात. कमला सोहोनी यांनी हे विज्ञान आपल्या दुधात, वालात आणि नीरेत शोधले, तेही अशा काळात जेव्हा प्रयोगशाळेत शिरण्यासाठीच त्यांना झगडावे लागले. त्यांच्या कामाचा उपयोग करायला प्रयोगशाळा लागत नाही. आज रात्री मूठभर कडधान्य भिजत घाला, उद्या मोड आणा आणि नीट शिजवून घरातल्या सगळ्यांना वाढा. मुलांना आणि वयस्कर मंडळींना आठवणीने.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आहारात किंवा औषधांत बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*